मंदाचं नाव कुणाच्या कार्डावर

आमच्या दवाखान्याच्या खिडकीतून माणूस कमी आणि हात जास्त दिसायचे. एका हातात डॉक्टरांची चिठ्ठी, दुसऱ्यात रिकामी बाटली. बाटली ज्याची त्याने आणायची असा नियम होता. कुणी खोबरेल तेलाची आणी, कुणी रमची. एकाने रॉकेलची बाटली नुसती विसळून आणली आणि दुसऱ्या दिवशी येऊन मलाच विचारलं, "मिक्श्चरले वास कायचा येऊन राहिला जी?" बाटलीत औषध भरून झालं की कागदाची पट्टी कापायची, तिला कात्रीने खाचा पाडायच्या आणि ती बाटलीवर डकवायची. एक खाच म्हणजे एक डोस. ज्याला वाचता येत नाही त्यालाही खाच कळते.

नेमणुकीच्या कागदावर मी औषधनिर्माता होतो. वसाहतीत मला सगळे कंपाउंडर म्हणत, आणि तेच खरं होतं. पाण्यात पावडर ढवळण्याला निर्मिती म्हणायचं असेल तर गोष्ट वेगळी. खातं केंद्र सरकारचं होतं, वसाहत भंडाऱ्याच्या बाहेर. खात्याचं नाव सांगत नाही, कारण खातं अजून आहे आणि त्याचे ऑडिटरही. शेजारच्या जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्याचा थाट वेगळा, तिथे बसगाड्या धावायच्या. आमच्याकडे दोन खोल्या, एक डॉक्टर, एक मी आणि एक फ्रिज. सत्तरच्या दशकाचा बराच भाग आणि ऐंशीच्या दशकातली निम्मी वर्षं मी त्या खिडकीमागे काढली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सरकारी नोकराला औषध फुकट मिळतं, संपला विषय. विषय तिथे सुरू होतो. औषधं दोन वाटांनी यायची. पहिली वाट सरकारी डेपोची. वर्षातून एकदा लागणाऱ्या औषधांची मागणी, म्हणजे इंडेंट, पाठवायचा आणि वाट पाहायची. आपण तापाच्या गोळ्या मागाव्यात आणि पेटी उघडल्यावर डोळ्यांचं मलम निघावं, असा तो व्यवहार होता. एका वर्षी इतकं मलम आलं की डॉक्टर म्हणाले, "आता वसाहतीत डोळे येण्याची साथ यायला हवी, नाहीतर आपण अडचणीत येऊ." दुसरी वाट स्थानिक खरेदीची. डेपोत नाही ते भंडाऱ्याच्या ठरावीक दुकानातून घ्यायचं. त्यासाठी वर्षाला बांधून दिलेली रक्कम असे. ती एप्रिलमध्ये भरपूर वाटायची आणि थंडी पडेपर्यंत आटायची, आणि खोकला नेमका थंडीतच होतो.

औषध कुणाला द्यायचं, याचेही नियम होते. कर्मचारी, त्याची बायको, मुलगे ठरावीक वयापर्यंत, मुली लग्न होईपर्यंत, आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईबाप. या सगळ्यांची नावं एका जाड कार्डावर असत. सासू त्यात बसत नसे. त्यामुळे वसाहतीतल्या बऱ्याच जणांना कार्डावर दोन-दोन आया होत्या. एक ड्रायव्हर दर महिन्याला कॅल्शियमच्या गोळ्या न्यायचा. चौकशी केली तेव्हा कळलं, गोळ्या म्हशीला जातात. मी त्याला झापलं, तर तो शांतपणे म्हणाला, "तिचंच दूध पेतो ना जी आमी. आमालेच पोचते ते." म्हैस कार्डावर नाही, एवढंच मी म्हणू शकलो.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पांडुरंग बांत्याच्या पोरीचं प्रकरण तसं नव्हतं.

पांडुरंग आमच्या खात्याच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक. राहायचा पलीकडच्या काठाला कारध्यात, वैनगंगेचा पूल ओलांडून सायकलने यायचा. घरी भावांची धानाची शेती होती, पण याचा जीव इंजिनात. एक दिवस तो पोरीला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घेऊन आला. मंदा तेव्हा प्राथमिक शाळेत असेल. "पाणी पेते, पेते, अन् सुकूनच राहिली," तो म्हणाला. "भानामती तं नाई ना जी?" डॉक्टरांनी मला तिची लघवी तपासायला सांगितली. आमच्याकडे वेगळा लॅबवाला नव्हता, ते कामही माझंच. निळं द्रावण परीक्षानळीत घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी होत गेलं तर साखर वाढत चालली. मंदाची नळी विटेसारखी लाल झाली.

तिला त्याच दिवशी नागपूरला पाठवलं. परत आली ती इन्सुलिनची चिठ्ठी घेऊन, आणि ती चिठ्ठी जन्मभराची होती.

त्या काळचं इन्सुलिन म्हणजे गुरांच्या ग्रंथीपासून काढलेलं, छोट्या बाटलीत येणारं, थंड ठेवावं लागणारं औषध. काचेची सिरिंज दररोज उकळायची, सुई बोथट झाली तरी चालवायची. बांत्याच्या घरी फ्रिज कुठला? पांडुरंगने स्वतःच युक्ती काढली. नदीची वाळू एका गाडग्यात भरली, ती सतत ओली ठेवली, आणि तिच्यात बाटली गळ्यापर्यंत पुरली. आमचे डॉक्टर सोहोनी पुण्याचे, कशावरही सहज विश्वास न ठेवणारे. त्यांनी स्कूटरवरून कारध्याला जाऊन त्या वाळूत थर्मामीटर खुपसून पाहिला आणि काही न बोलता परत आले. त्यांच्या बाबतीत याला शाबासकी म्हणत.

डेपोत इन्सुलिन नसे. ते स्थानिक खरेदीतून, दर महिन्याला, न चुकता. वसाहतीच्या एका अख्ख्या ओळीच्या खोकल्या-तापावर जेवढा खर्च होई तेवढा एकट्या मंदावर होत होता. थंडीत खोकल्याचं औषध संपलं की खिडकीवर बाया मला ऐकू जाईल अशा आवाजात एकमेकींशी बोलत. "बांत्याच्या पोरीले सारं जाते, आमच्या लेकरायनं खोकतच राहायचं." ऑडिटरही त्यावर बोट ठेवून विचारी, "एका मुलीवर इतका खर्च? याला काही स्वस्त पर्याय नाही?"

"आहे," डॉक्टर म्हणाले. "न देणं."

ऑडिटर हसला नाही. पण तो दुष्ट होता असंही मी म्हणणार नाही, आणि त्या बायाही नव्हत्या. त्यांची लेकरं खरंच खोकत होती. रक्कम तेवढीच होती, कुणाला तरी कमी पडणारच होती. अशा वेळी खिडकीमागच्या माणसाला सगळे विचारतात, आणि त्याच्या हातात काहीच नसतं. मी पट्टीला खाचा पाडत राहायचो.

मंदा मात्र वाढली. डॉक्टरांनी वजन करून खायला सांगितलं होतं, तर माय तिला वाटीने भात मोजून द्यायची. भाताच्या देशात पोरीला भात मोजून देणं किती कठीण, ते झाडीपट्टीतल्या माणसालाच कळेल. पोरगी स्वतःच्या हाताने सुई घ्यायला शिकली, मॅट्रिक झाली, भंडाऱ्यात टायपिंगच्या क्लासला जाऊ लागली. माझ्याकडे बाटली न्यायला यायची तेव्हा काउंटरवर बोटं टायपिंगसारखी वाजवत उभी राहायची. मला काकाजी म्हणायची.

मग सोयरिकी येऊ लागल्या. पहिलं स्थळ लाखनीकडचं. धानाची भरपूर जमीन, मुलगा सरळ. पांडुरंगने बिमारीची गोष्ट लपवली नाही, आणि आश्चर्य म्हणजे पाहुणे तरीही तयार होते. नकार पांडुरंगने दिला. गावात चर्चा झाली की पोरीत आणखी काहीतरी खोट असणार. खरं कारण तो खिडकीवर येऊन मला सांगून गेला. "लगन झालं का नाव कटते ना जी कार्डावरून? मंग सुई कोन देईन? ते लोक म्हनतात, आमी घेऊ इकत. एक साल घेतीन. दोन साल घेतीन. मंग?"

मी म्हणालो, "नाव कटतं, हे खरं आहे."

"अन् मी रिटायर झालो का?"

त्या काळी आमच्या खात्यात निवृत्तीनंतर माणसाला वसाहतीचा दवाखाना बंद व्हायचा. तेही मी त्याला सांगितलं. बाहेर सरकारी इस्पितळात इन्सुलिन आलं तर आलं. दर महिन्याला विकत घ्यायचं म्हणजे पेन्शनचा मोठा घास. पांडुरंगची नोकरी फार उरली नव्हती.

त्यानंतर त्याने जावई शोधण्याची नवी रीत काढली. जमीन पाहणं बंद, घर पाहणं बंद. आमच्याच खात्यातले बिनलग्नाचे पुरुष तो हेरू लागला. दवाखान्याच्या रांगेत एखादा तरुण दिसला की मला खिडकीतून हळूच विचारायचा, "पर्मनंट हाय का? कार्ड निंगालं का त्याचं?" टेम्पररी असला की त्याचा चेहराच पडे. शेवटी स्टोअरमधला मारोती हटवार त्याच्या नजरेत भरला. मारोती तिशी ओलांडलेला, बायको बाळंतपणात गेलेली, लेकरूही राहिलं नव्हतं. कमी बोलणारा, सामानाची खोकी उचलून खांदे रुंद झालेला माणूस. पण पर्मनंट.

मंदाने साफ नकार दिला. त्या महिन्यात ती बाटली न्यायला आली तेव्हा काउंटरवर बोटं वाजवली नाहीत.

"काकाजी, बाबा माह्यासाठी नवरा नाई पाहून राहिले," ती म्हणाली. "कार्ड पाहून राहिले."

"मग तू काय करणार?"

"मी माह्यंच कार्ड काढीन."

खात्यात टंकलेखनिकाची जागा निघाली होती. मंदाने अर्ज केला, लेखी परीक्षा दिली, टायपिंगची दिली, आणि दोन्हींत पास झाली. मला झालेला आनंद मी लपवणार नाही. स्वतःच्या नोकरीवर स्वतःचं कार्ड, मग लग्न करो न करो, बाप रिटायर होवो न होवो, सुई चालू. इतकी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाला सुचली नव्हती.

उरली होती वैद्यकीय तपासणी. ती डॉक्टर सोहोनींकडेच होती, आणि नियमांत लघवीतली साखर हा नोकरी नाकारण्याचा मुद्दा होता. ज्या डॉक्टरांनी इतकी वर्षं तिचं इन्सुलिन लिहून दिलं त्यांनीच आता ती नोकरीला लायक आहे की नाही, हे लिहायचं होतं. आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं, "काय करायचं?"

"नळी निळी आली तर निळी लिहू," ते म्हणाले. "पुढचं पुढे."

मंदाची साखर त्या वर्षी चांगली आटोक्यात होती. रोजच्यासारखं जेवून, रोजची सुई घेऊन आली असती तर नळी बहुधा निळीच राहिली असती. पण घरात रात्रभर मसलत झाली होती. मायचा हिशेब सरळ होता. पोटात काही गेलंच नाही तर साखर येणार कुठून? तिने पोरीला उपास घडवला. देवाचं नाव त्याला जोडलंच. आणि मंदाने, एवढं शिकून, त्यात स्वतःची भर घातली. सकाळी सुई थोडी जास्त घेतली. इन्सुलिन घ्यायचं आणि उपाशी राहायचं, याच्याइतकं धोक्याचं काही नाही, हे मी तिला शंभरदा सांगितलं असेल. पण नोकरीच्या दारात उभ्या माणसाला सांगितलेलं आठवत नाही.

बाहेरच्या बाकावर इतर उमेदवार बसले होते, त्यांच्यात ती. तिने नमुना दिला, मी नळी उकळली. निळी, स्वच्छ निळी. मी आनंदाने बाहेर आलो, तर बाकावर तिचं डोकं शेजारच्या पोरीच्या खांद्यावर कललेलं. अंग घामाने ओलं, हात थरथरत होते. मी हाक मारली तर माझ्याकडे पाहून ती भलतंच काही बोलली. डॉक्टर धावत आले. मी दंड आवळून धरला, त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. बराच वेळ काही झालं नाही. निदान मला तो वेळ फार मोठा वाटला. मग तिचे डोळे जागेवर आले.

"काकाजी," ती म्हणाली, "निळी आली ना?"

"आली," मी म्हणालो. सगळे उमेदवार, त्यांचे बाप, ऑफिसचा शिपाई, सगळे पाहत होते.

डॉक्टरांनी खरं तेच लिहिलं. मुलीला मधुमेह आहे, इन्सुलिनवर तो आटोक्यात आहे, टेबलावरचं काम ती उत्तम करील, अशा अर्थाचं, आणि वर जोरदार शिफारस. ती बाकावर कोसळली नसती तर त्यांनी नुसतं निळी लिहून सोडलं असतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. वरच्या ऑफिसचं उत्तर यायला उन्हाळा उजाडला. उमेदवाराला कायम औषध लागणार, तो खर्च सरकारवर पडणार, सबब नेमणूक करता येत नाही, असा त्याचा मतलब. डॉक्टरांनी तो कागद मला वाचायला दिला. तेच सरकार, तेच औषध. त्यानेच तिला जगवलं होतं आणि त्याच कारणाने तिला दारातून परत पाठवलं होतं. मी आजवर बरेच सरकारी कागद वाचले. चीड आली असा तो एकच.

मंदाला ते मीच सांगितलं. ती रडली नाही. फक्त विचारलं, "म्हंजे दवाई घेतली म्हनून नोकरी नाई?" मी हो म्हणालो. बाटली रुमालात गुंडाळून ती पुलाकडे चालू लागली. पांडुरंगच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं.

पुढे काही आठवड्यांनी दुपारी, रांग संपल्यावर, मारोती हटवार खिडकीवर आला. हातात ना चिठ्ठी ना बाटली.

"काय हवं, मारोती?"

"बांत्याची पोरगी आली होती स्टोअरात," तो म्हणाला. "माह्यासमोर उभी राहून सरळ म्हनते, मले नवरा नाई पायजे, कार्ड पायजे. लगन करता का?"

मी हातातली कात्री खाली ठेवली. "मग? तू काय म्हणालास?"

"म्हटलं, घे कार्ड. पन ते माह्या नावाचं हाय, तं मीबी येईन संगं. हसली जी ते."

मी म्हटलं, चांगलं झालं. तिचं जेवण मोजून असतं, वेळेवर असतं, हे सांगितलं. वाळूच्या गाडग्याचं सांगितलं. उपास कधी घडू द्यायचा नाही, देवासाठीसुद्धा नाही. तो प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता. मग म्हणाला, "मले सुई द्याले शिकवा."

"तुला कशाला? ती स्वतःच घेते. लहानपणापासून घेते."

"हो जी. माहीत हाय." त्याने खिशातून एक संत्रं काढून काउंटरवर ठेवलं. सुईचा सराव संत्र्यावर करतात हे कुणाला विचारून आला होता कोण जाणे. "पन रोजचं हाय ना ते. जिनगीभर. एखांद्या दिवशी तिले कंटाळा आला तं?"

इतकी वर्षं मी तिला बाटल्या दिल्या. मी, डॉक्टरांनी, ऑडिटरने, वरच्या ऑफिसने, तिच्या बापानेही त्या औषधाचा सगळ्या बाजूंनी विचार केला होता. हा प्रश्न कुणाच्या मनात आला नव्हता.

मी दार उघडून त्याला आत घेतलं. सिरिंज उकळली, त्यात शुद्ध पाणी भरलं. संत्र्यावर त्याचा हात दोन-तीन वेळा घसरला, मग बसला. रस त्याच्या रुंद बोटांवरून ओघळत होता. "जमलं का जी?" त्याने विचारलं.

"संत्र्याला दुखत नाही," मी म्हणालो, आणि सिरिंज पुन्हा उकळायला ठेवून माझ्या शर्टाची बाही वर केली.